भाकरी घातली, पुढं काय?

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा जाड आहे. गोठ्यातल्या गोचिडांबद्दल आलेली पत्रं पुढच्या अंकात घेते, राग मानू नका. एकट्या कोल्हापूर शहरातून रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल सहा पत्रं आली आणि त्यातल्या दोन पत्रांनी मला थंडीत घराबाहेर काढलं. एका पत्राला तर अंक निघेपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. ते आधी.

प्रश्न : डॉक्टरताई, माझा सात वर्षांचा नातू गल्लीतल्या काळ्या कुत्र्याशी खेळत होता. खेळता खेळता पोटरीला दात लागला. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा आहे. कुत्रं रोजच्या ओळखीचं आहे, पिसाळलेलं नाही. सुनेनं हळद आणि चुना लावलाय. घरात सगळ्यांचं म्हणणं, रक्त नाही तर इंजेक्शन कशाला? तुमचं मत कळवावं.
— एक आजोबा, शिवाजी पेठ

उत्तर : आजोबा, पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला आणि संध्याकाळी तुम्ही नातवाला सरकारी दवाखान्यात नेलंत. तुमचे आभार. इथं छापते आहे ते बाकीच्या घरांसाठी, कारण हळद, चुना, तिखट, तंबाखू हे सगळं मी जखमांवर लावलेलं पाहिलं आहे.

रक्त आलं नाही तरी दाताचा ओरखडा उठला असेल तर रेबीजची लस घ्यायचीच. रक्त आलं असेल, कातडी फाटली असेल किंवा आधीच्या जखमेवर कुत्र्याची लाळ लागली असेल, तर लस आणि शिवाय जखमेच्या आत व भोवती टोचायचं दुसरं औषध, इम्युनोग्लोब्युलिन, हे दोन्ही लागतं. ते डॉक्टरांकडं मागून घ्या, विचारायला लाजू नका. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं असेल तर काही लागत नाही.

पण दवाखान्याच्या आधी नळ. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. हळद-चुन्यानं काही होत नाही, उलट कातडी भाजते. पट्टी बांधू नये, टाके घालायची घाई करू नये. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. ती बहुधा कातडीत देतात. पहिलं इंजेक्शन तो शून्यावा दिवस धरून पुढं ३, ७ आणि २८ व्या दिवशी. मधलं एक चुकवलं आणि बाकीची घेतली, असं करायचं नाही.

‘ओळखीचं कुत्रं’ यावर मला जास्त बोलायचं आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याच्या अंगावर लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधी. म्हणजे आज शेपूट हलवणारं कुत्रंही तो देऊ शकतं. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. दहा दिवस ते खातंय, पितंय, ठणठणीत आहे म्हटल्यावर पुढच्या इंजेक्शनांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण सुरुवात पहिल्याच दिवशी करायची, दहा दिवस वाट बघून नाही. आणि त्या कुत्र्याला मारून टाकू नका. मारलंत तर नजर कशावर ठेवणार?

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी जनावरांची डॉक्टर म्हणून गगनबावड्याकडं होते. एक शेतकरी वासरू बघायला बोलवायला आला. पिसाळलेल्या कुत्र्यानं आठ दिवसांपूर्वी वासराच्या मागच्या पायाला चावा घेतला होता. मी विचारलं, ‘आणखी कुणाला चावलं का?’ तो म्हणाला, ‘पोराच्या हाताला जरा लागलंय, पण त्याला शेजारच्या गावातनं औषध आणून पाजलंय.’ वासरासाठी तो चार मैल चालत आला होता. पोराचं आपलं झालं, असं त्याला वाटत होतं. आमच्या खात्याच्या जीपमधून आम्ही बाप-लेकाला त्याच दिवशी कोल्हापूरला आणलं. तेव्हा पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं होती. ती लस आता वापरात नाही, त्यामुळं त्या भीतीनं कुणी घरी बसू नये. वासरू पुढं महिन्याभरात गेलं, तोंडाला फेस, घशातून विचित्र हंबरणं, मी रोज बघत होते आणि काही करू शकत नव्हते. एकदा लक्षणं सुरू झाली की या रोगातून जवळजवळ कुणीच वाचत नाही, जनावर नाही आणि माणूसही नाही. पोरगा वाचला. तो वासरामुळं वाचला असं मी आजही मानते.

आता ती दोन पत्रं. एकाच आठवड्यात आली. पेठेचं आणि गल्लीचं नाव मुद्दाम काढून टाकलं आहे.

प्रश्न : मॅडम, गेली चार वर्षं मी रोज रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालते. आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच. तीन भाकऱ्या जास्तीच्या थापते आणि ताकात कुस्करून घालते. आता गल्लीत माझ्याशी कुणी नीट बोलत नाही. ‘तुमची कुत्री हायत, घरात नेऊन बांधा’ असं तोंडावर म्हणतात. परवा माझं ॲल्युमिनियमचं भांडं कुणीतरी गटारीत फेकलं. मी काय गुन्हा करते का? कायदा काय म्हणतो? तीन पायांची एक तांबडी आहे, ती माझ्या उंबऱ्यालाच झोपते. तिला मी कुठं टाकू?
— एक वाचक, कोल्हापूर

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. पहाटे चालत अंबाबाईच्या दर्शनाला जायचं हा तिचा वीस वर्षांचा नेम. महिन्यापूर्वी गल्लीच्या तोंडाला कुत्रं अंगावर आलं, ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अजून वॉकरशिवाय उभं राहता येत नाही. आमच्या गल्लीत एक बाई कुत्र्यांना खायला घालतात. एक तीन पायांची तांबडी कुत्री तर त्यांच्या दारातच असते. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार हे माहीत आहे. तरी विचारतो, माणसांनी जायचं कुठनं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तीन पायांची तांबडी एकच असणार, हे लक्षात आल्यावर मी दोन्ही पत्त्यांवर फोन केले. एकाचं पत्र दुसऱ्याला सांगितलं नाही. ‘मी येऊन गल्ली बघू का?’ एवढंच विचारलं. दोघंही हो म्हणाले. मग एका गुरुवारी रात्री नऊला मी तालमीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला परत गेले.

रात्री काय दिसलं ते आधी सांगते. साडेनऊला बाईंनी भांडं ठेवलं. पाच कुत्री आली. तांबडी आधी, मग बाकीची. दहा मिनिटांत खाऊन पांगली. भांडण नाही, भुंकणं नाही. पण त्याच्या आधी, सव्वानऊला, गल्लीच्या तोंडाच्या चिकन सेंटरवाल्यानं दुकान बंद करताना पाय, पिसं, आतड्यांची बादली कचऱ्याच्या कोंडाळ्यात उपडी केली होती. तिथं चार वेगळीच कुत्री होती. ती या गल्लीची नव्हती, पलीकडच्या बोळातून आलेली. बाईंची पाच जेवून तिकडं वळली आणि जो दंगा झाला तो पावणेअकरापर्यंत चालला. दोन मोटारसायकलींच्या मागं कुत्री लागली ती कोंडाळ्यापाशी, बाईंच्या दारात नाही.

पहाटे पाचला गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी बांधकामाच्या विटा रचलेल्या आहेत, तिथून एक करडी कुत्री सरळ माझ्या अंगावर आली. मी जागच्या जागी थांबले, हात खाली, नजर जमिनीकडं. ती दोन हातांवर येऊन गुरगुरत उभी राहिली. विटांच्या आड चार पिल्लं होती. दात फुटलेली, लुटूलुटू पळणारी, म्हणजे पाच-सहा आठवड्यांची. आपल्याकडं ‘भादव्यातली कुत्री’ असं आपण सहज बोलतो, पण त्याचा हिशोब कुणी करत नाही. भादव्यात फळलेली कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिकात विते. महिन्यापूर्वी आजी पडल्या तेव्हा या पिल्लांचे डोळे नुकते उघडले असतील. त्या दिवसांत कुत्री कुणालाही जवळ येऊ देत नाही, रोज भाकरी घालणाऱ्यालासुद्धा नाही.

मी त्या आजींना भेटून आले. पलंगावर होत्या. पिल्लांचं सांगितल्यावर म्हणाल्या, ‘तरीच. मग ती येणारच की हो अंगावर. व्यालेल्या गाईजवळ गेलं तर ती नाही शिंग उगारत?’ मुलगा काही बोलला नाही. त्यांचा राग गेलेला नव्हता, आणि तो जावा म्हणून मी गेले नव्हते. दादा, तुम्हाला सांगते, मी बाजू घ्यायची तर आधी तुमच्या आईची घेते. वीस वर्षांचा नेम तुटला, त्याची भरपाई कुठलंही समजावणं करू शकत नाही. गल्लीतून बिनघोर चालता येणं हा तुमचा हक्क आहे. फक्त ज्या कुत्रीमुळं आई पडल्या ती तांबडी नव्हती आणि ज्यांच्यावर तुमचा राग आहे त्यांच्या भाकरीमुळं त्या पडल्या नाहीत. तांबडी तीन पायांवर माझ्या अंगावर यायला निघाली असती तरी पोचली नसती.

कायद्याचं दोघांनाही एकदम सांगते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आधी २००१ चे होते, आता १० मार्च २०२३ चे आहेत. त्यांचा गाभा असा : रस्त्यावरचं कुत्रं पकडायचं, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच द्यायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. हे काम महापालिकेचं. त्याच नियमांत खायला घालणाऱ्यांबद्दलही आहे. जागा ठरवून घ्यायची; ती जिन्यापाशी, इमारतीच्या दारापाशी, मुलांच्या खेळायच्या जागेपाशी नसावी; लहान मुलं आणि वयस्कर माणसं वावरतात ती वेळ टाळायची. मग २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. २२ ऑगस्टच्या आदेशात ऑपरेशन आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडायची हे कायम राहिलं, पण रेबीज झालेली किंवा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडायची नाहीत असं ठरलं. आणि खायला घालायचं ते वाटेल त्या रस्त्यावर नाही, महापालिकेनं प्रभागात नेमून दिलेल्या जागेवरच. ७ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री हलवून परत तिथं न सोडण्याचं सांगितलं.

तेव्हा ताई, तुम्ही गुन्हेगार नाही. पण दारात, वाटेवर भांडं ठेवणं आता नियमाला धरून नाही. जागा नेमून मागा. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या आणि त्यावर गल्लीतल्या चार घरांच्या तरी सह्या घ्या. तालमीच्या मागं पडकी भिंत आहे, तिथून कुणाची ये-जा नाही. मला ती जागा बरी वाटली. भांडं ठेवा, खाईपर्यंत उभ्या राहा, भांडं उचला, जागा झाडा, मग घरी या.

आता तुम्हाला लागेल असं बोलणार आहे. तुमच्या पत्रात चार वर्षांच्या भाकरीचा हिशोब आहे, पण ऑपरेशनचा शब्द नाही. मी नऊ कुत्री मोजली. कानाला खाच फक्त तिघांच्या होती, आणि त्यातली एक तांबडी, तीही तिचा पाय गाडीखाली गेला तेव्हा कुणी दवाखान्यात नेली म्हणून. त्या करडीला गेल्या उन्हाळ्यात उचलून नेलं असतं तर विटांच्या आड पिल्लं नसती, आणि आजी आज मंदिरात असत्या. मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण जी माणसं कुत्र्यांना जवळून ओळखतात तीच त्यांना पकडून देऊ शकतात. महापालिकेची गाडी आली की सगळी कुत्री पसार होतात. हाताशी येतात ती भाकरी घालणाऱ्याच्या. तुमच्या हाताला त्यांचा जो विश्वास आहे, तो भाकरीपुरताच ठेवलात तर फार थोडा वापरला.

म्हणून वही करा. माझ्या स्वतःच्या गल्लीची वही २०१९ पासून आहे. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या शुक्रवार पेठेत शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि जिन्यात पाणी चढत होतं. तिसऱ्या पायरीवर आमच्या गल्लीचा खंड्या उभा होता. त्याला वर घेतलं. चार दिवस तो आमच्यात राहिला, भिंतीला पाठ लावून, कुणावर एकदा भुंकला नाही. पाणी ओसरल्यावर मी गल्लीत बाकीची किती उरली ते मोजायला गेले आणि लक्षात आलं की आधी किती होती हेच मला सांगता येत नाही. तीस वर्षं जनावरांची नोंद ठेवण्याची नोकरी केलेली बाई मी. त्या दिवशी वही घातली. एका कुत्र्याला एक पान. रंग, नर-मादी, कानाला खाच आहे का, लस कधी, पिल्लं कधी, कुणाच्या दारात झोपतं, कुणावर धावतं. अनंत चतुर्दशीच्या डॉल्बीनं घाबरून कोण पळालं आणि किती दिवसांनी परत आलं तेही लिहिते, कारण पळालेलं कुत्रं दुसऱ्याच्या हद्दीत शिरतं आणि चावाचावी तिथं होते. गल्लीत नवीन कुत्रं दिसलं तर मला त्याच दिवशी कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर त्यांच्यातला रेबीज थांबतो. मी मोजलेल्या नऊ कुत्र्यांत सात म्हणजे तो आकडा गाठला. सात! हे काही सरकारी योजनेएवढं मोठं काम नाही, ताई. एका बाईच्या आणि तालमीतल्या दोन पोरांच्या हातात आहे. पिल्लं दूध सोडून स्वतः खायला लागली की करडीला ऑपरेशनला न्यायचं. ते आता दोन-तीन आठवड्यांत होईल. तोवर तिथं वीट लावून एक पाटी ठेवा, ‘पिल्लं आहेत, पलीकडून जा’. विटा ज्यांच्या आहेत त्यांना मी सांगितलं आहे.

चिकन सेंटरवाल्यांशी मी बोलले. माणूस वाईट नाही. झाकणाचं पिंप आणतो म्हणाले आणि आणलंही. ताईंनी फोनवर सांगितलं की तीन दिवस नीट चाललं, चौथ्या दिवशी पुन्हा बादली कोंडाळ्यात. त्यामुळं दादा, इथं तुमची गरज आहे. तुम्ही गल्लीतले, तुमच्या आईचं दुखणं सगळ्यांनी पाहिलेलं. तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते माझ्या नाही. कोंडाळं बंद झालं की पलीकडच्या बोळातली चार येणं थांबतं, रात्रीचा दंगा निम्म्यावर येतो. अर्जावर पहिली सही तुमची असावी असं मला मनापासून वाटतं. पण ते तुमच्या मनानं. ताईंना भेटाल का असं मी विचारलं तेव्हा तुम्ही ‘आत्ताच नको’ म्हणालात, ते मी मानते.

भाकरीबद्दल थोडं. ताकातली भाकरी चांगली, दूध मात्र बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. रविवारी आपल्याकडं घराघरांत मटण-चिकन असतं आणि सोमवारी हाडं रस्त्यावर. शिजलेलं कोंबडीचं हाड चावलं की त्याच्या सळ्या होतात, त्या घशात, आतड्यात रुततात. मी पोटं फाडून काढल्या आहेत. तांबडा-पांढरा रस्साही नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. आणि रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे, बिस्किटांचे पुडे बंद करा. साखर आणि मैदा आहे तो.

प्रश्न : मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सेकंड शिफ्टला आहे. राजारामपुरीत घरी यायला रात्रीचा दीड वाजतो. एका कोपऱ्यावर रोज तीन-चार कुत्री गाडीच्या मागं लागतात. एकदा पाय वर घेताना तोल गेला. लाथ मारली तर जास्तच येतात. काय करावं?
— एक कामगार, राजारामपुरी

उत्तर : वेग वाढवू नका. पळणाऱ्या चाकाच्या मागं धावणं त्यांच्या अंगात आहे, चाक थांबलं की धावायचं कारणच संपतं. कोपऱ्याच्या आधीच गाडी हळू करा. मागं लागलीच तर थांबा, पाय जमिनीवर, घसा मोकळा करून एकदा जोरात ‘हट्’ म्हणा आणि त्यांच्या डोळ्यांत न बघता सावकाश निघा. लाथ मारू नका, तोल तुमचाच जाणार. दगड मारलात तर तुमच्या गाडीचा आवाज ती लक्षात ठेवतील. एखाद्या रविवारी दिवसा त्या कोपऱ्यावर जा. तीच कुत्री उन्हात झोपलेली असतील. गाडी बंद करून दहा मिनिटं चहाच्या टपरीवर बसा, त्यांना तुमचा वास घेऊ द्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण रात्रपाळीच्या कितीतरी पोरांना मी हे सांगितलं आहे आणि बहुतेकांचा त्रास गेला. गेला नाही तर त्यातलं एखादं कुत्रं खरोखर चावरं असेल. मग वेळ, जागा आणि रंग लिहून महापालिकेकडं तक्रार द्या. सगळ्या घोळक्याची नको, त्या एकाची.

प्रश्न : दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि आपण दारातल्या कुत्र्याला दगड मारतो. यावर लिहा.
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : परवा दत्तजयंतीला नृसिंहवाडीला गेले होते. त्या चार कुत्र्यांना चार वेद म्हणतात. संगमावरच्या घाटावर चार-पाच खरीखुरी कुत्री थंडीनं मुटकुळं करून झोपली होती. कुणीतरी त्यांतल्या दोघांच्या अंगावर पोतं टाकलं होतं. त्याचा फोटो काढायचा राहिला, पण तुमच्या पत्राचं उत्तर मला तिथं मिळालं.

प्रश्न : डॉक्टरमावशी, मी सहावीत आहे. आमच्या तालमीच्या मागं कुत्रीनं पाच पिल्लं घातलीत. मला त्यातलं पांढरं पाहिजे. आई नको म्हणते. मी ते आजच घरी आणू का? त्याला काय खायला घालू?
— एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ

उत्तर : आज आणू नकोस. पिल्लाचे डोळे उघडले आहेत का ते लांबूनच बघ. दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. त्यानंतरही ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू दे. आईच्या दुधातून त्याला रोगांशी लढायची ताकद मिळते आणि भावंडांशी दंगा करता करता ते आणखी एक मोठी गोष्ट शिकतं : किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं. जे पिल्लू हे न शिकता घरात येतं ते मोठेपणी तुझ्या हाताला सांभाळून धरत नाही.

मग तुझी आई. ती का नको म्हणते ते तिला विचार आणि मध्ये न बोलता पूर्ण ऐक. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं. तू सहावीत आहेस, म्हणजे ते म्हातारं होईल तेव्हा तू कॉलेज संपवून कदाचित दुसऱ्या गावी असशील. तेव्हा त्याला बघणार तुझी आईच. तिला ते आधीच कळलंय. घरी आणायचं ठरलं तर सहा-सात आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांवरची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, जंताचं औषध, आणि सहा महिन्यांनंतर ऑपरेशन. या सगळ्याचा खर्च आणि दवाखान्याच्या खेपा किती होतील ते बाबांबरोबर बसून एका कागदावर मांड.

आणि आई नकोच म्हणाली तर रडू नकोस. पांढरं पिल्लू तालमीचं होईल आणि तरी तुझं राहील. एक वही कर. पाच पिल्लांची पाच पानं, आईचं एक. कोण कुठं आहे ते रोज शाळेतून येताना लिही. ती तीन महिन्यांची झाली की मला पत्र पाठव, लस टोचायला मी स्वतः येईन. थंडी आहे, तेव्हा एक जुनं पोतं टाक. कुत्री खायला बाहेर गेलेली असताना टाक, आणि तालमीतल्या मोठ्या कुणाला तरी बरोबर घेऊन जा. एकटी जाऊ नकोस.